संकटाची घंटा

१८३५ सालीं चार्लस् डार्विन पॅसिफिक महासागरांतील गालापागोस बेटांवर उतरला. तेथें त्यानें एक सागरी इग्वाना उचलून, ओहोटीनें मागें राहिलेल्या खोल डबक्यांत पुनःपुन्हां फेकून पाहिला. दरवेळीं तो प्राणी सरळ पोहत येऊन डार्विनच्या पायांशींच परतला! या जातीला किनाऱ्यावर शत्रु नाहीं. भय असलेंच तर समुद्रांतील शार्क माशांचें. म्हणून किनारा हाच तिला निर्भय आसरा वाटत असावा, असा तर्क त्यानें केला.

सह्याद्रींतील घोरपडीची आठवण करून देणारा हा सरडा समुद्रांत बुडी मारून शेवाळ खातो. असें करणारा सरडा जगांत दुसरा नाहीं. त्याचें निर्भयपण त्याच्या रक्तांतहि दिसतें, हें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखवून दिलें. पूर्वीं कधींहि न पकडलेल्या इग्वानांचा माणसानें पाठलाग केला, तरी त्यांच्या रक्तांत कॉर्टिकोस्टेरोन हें हॉर्मोन वाढलें नाहीं. एकदां पकडले गेलेल्यांच्या रक्तांत मात्र तें पाठलाग होतांच वाढलें.

हें हॉर्मोन म्हणजे जणूं देहांतील संकटाची घंटा. बेडूक, सरडे आणि पक्षी यांच्यांत मुख्यतः कॉर्टिकोस्टेरोन तें काम करतें, मनुष्यांत कॉर्टिसॉल. मेंदूनें संकट ओळखलें कीं पिच्युटरी ग्रंथीला निरोप जातो, ती ॲड्रीनल ग्रंथीला चेतविते, आणि कांहीं मिनिटांत हॉर्मोन रक्तांत उतरतें. मग अडीनडीला ठेव मोडावी त्याप्रमाणें देहांतील सांठविलेली शक्ति मोकळी होते. वाढ, प्रजोत्पादन यांसारखीं सवडीचीं कामें मागें पडतात. डबकें आटूं लागलें कीं कांहीं बेडकांचीं पिलें याच हॉर्मोनच्या साहाय्यानें रूपांतर लवकर उरकतात. बेडूक लहान राहतो, पण वांचतो. किटिवेक नांवाच्या समुद्रपक्ष्याचें भुकेलें पिलूं याच्याच जोरावर आईबापांकडून अधिक अन्न मिळवितें. परंतु पिलेपणीं हें हॉर्मोन फार काळ वाढलेलें राहिलें, तर पुढें त्या पक्ष्याची शिकण्याची शक्ति उणी पडते.

मागें पडणाऱ्या कामांत रोगप्रतिकारहि येतो. विणीच्या हंगामांत कांहीं नर इग्वाना खडकावरील आपली जागा राखण्यासाठीं झगडत असतात. इतर नरांच्या मानानें त्यांच्यांत हें हॉर्मोन अधिक आणि रोगप्रतिकारशक्ति कमी असते, असें २००५ सालच्या संशोधनांत आढळलें. हॉर्मोन टोंचून घातल्यानेंहि ती शक्ति घटली. देहाचा हा पहारेकरी फुकट राबत नाहीं. त्याचें वेतन थकलें कीं दार उघडें पडतें.

मग जगतो कोण? एल् निनोच्या काळांत समुद्र तापतो, शेवाळ नाहींसें होतें व इग्वानांची उपासमार होते. अशा काळापूर्वीं मायकेल रोमेरो व मार्टिन विकेल्स्की या संशोधकांनीं ९८ नरांचें रक्त तपासून ठेविलें होतें. कांहीं महिन्यांनीं त्यांपैकीं २३ मेले. मेलेल्यांत आणि वांचलेल्यांत हॉर्मोनच्या नेहमींच्या प्रमाणाचा फरक नव्हता. संकटसमयीं तें किती वाढतें यांतहि नव्हता. फरक एकच होता: मेलेल्यांना वाढलेलें हॉर्मोन पुन्हां आंवरणें नीट साधत नव्हतें. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचें मर्म हेंच कीं, घंटा वाजण्याइतकेंच तिचें थांबणें महत्त्वाचें.

परंतु ती थांबण्यास संकटहि टळावें लागतें. जानेवारी २००१ मध्यें सान क्रिस्तोबाल बेटापाशीं जेसिका हें तेलवाहू जहाज खडकावर चढलें. सांता फे बेटावर त्या तेलाचा अल्पसा अंशच पोंचला. तेथील इग्वानांच्या रक्तांत लवकरच हें हॉर्मोन वाढलेलें दिसलें, आणि वर्षभरांत त्यांतील ६२ टक्के मरण पावले. शेवाळ पचविणारे त्यांच्या पोटांतील जंतु तेलानें मेले असावे, असा अंदाज आहे. प्राणी बाहेरून धडधाकट दिसत असतांहि रक्तानें धोक्याची सूचना दिली होती. डार्विनच्या हातून सुटून ज्या किनाऱ्याकडे तो इग्वाना पुनःपुन्हां परतत असे, तोच आसरा आतां मनुष्याच्या निष्काळजीपणानें संकटाचें स्थान बनला होता. आणि अशा संकटापासून पळून जाण्यास त्याला दुसरा किनारा नव्हता.