ऐकू येतं, पण उमगत नाही



मी सॉफ्टवेअर लिहितो, कानाचा डॉक्टर नव्हे. पण आज ज्या तपासणीबद्दल बोलणार आहे, तिचं निम्मं काम आमच्याच धंद्यातलं आहे: गोंगाटातून संदेश वेगळा काढणं.

काही लहान मुलांचे कान तपासणीत ठीक निघतात, तरी वर्गात कलकलाट असला की ‘दार’ आणि ‘गार’ यांतला फरक त्यांना कळत नाही. मग शिक्का बसतो, लक्ष देत नाही. आपल्याकडे आणखी एक कारण तयारच असतं: घरी दखनी, शाळेत मराठी, मदरशात अरबी, म्हणून पोरगं गोंधळलंय!

शब्द ओळखायला लावणाऱ्या चाचणीत हा घोळ सुटत नाही. मूल चुकलं ते नीट ऐकू न आल्यामुळे, की मराठी कमी येते म्हणून? शिवाय तीन वर्षांचं मूल अशा चाचणीला बसतं कुठे! म्हणून थेट मेंदूला विचारायचं. डोक्यावर तीन इलेक्ट्रोड चिकटवतात आणि कानात ‘दा’ हा आवाज हजारो वेळा वाजवतात. मूल मजेत सिनेमा बघत असतं. मेंदूचा हा प्रतिसाद एका मायक्रोव्होल्टहूनही कमी असतो. पापणी लवली तरी त्याच्या कितीतरी पट मोठा विद्युतसंकेत उठतो. पण हजारो नोंदींची सरासरी काढली की इकडेतिकडे भरकटणारा गोंगाट एकमेकांना खोडतो, आणि दर वेळी तसाच येणारा प्रतिसाद उरतो. नोंदी चौपट केल्या की गोंगाट निम्मा, असा साधा हिशेब.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नीना क्रॉस यांच्या गटाने २०१५ मध्ये ३ ते १४ वर्षांच्या ११२ मुलांवरचं काम प्रसिद्ध केलं. मागे माणसांची बडबड चालू असताना ‘दा’मधलं व्यंजन मेंदू किती नेमकं टिपतो, यावरून अजून वाचायला न लागलेल्या मुलांच्याही वाचनाच्या तयारीचा अंदाज बांधता आला. याच प्रयोगशाळेने २०१२ मध्ये स्पॅनिश-इंग्रजी बोलणारी किशोरवयीन मुलं तपासली. गोंगाटातही आवाजाची मूळ पट्टी त्यांचे मेंदू एकभाषिक मुलांपेक्षा ठळक पकडत होते. दखनीला दोष देणाऱ्या मास्तरांना हे जरूर सांगा.

मात्र अंदाज म्हणजे निदान नव्हे. एका आलेखावरून मुलावर नवा शिक्का मारणं मला जुन्या शिक्क्याइतकंच वाईट वाटतं. आधी कानात मळ आहे का, पडद्यामागे पाणी साठलंय का, ते डॉक्टरांकडून बघून घ्या. मूल झोपलेलं असताना करता येणारी बेरा तपासणी आपल्याकडे होते. आवाजाचा संदेश मेंदूच्या देठापर्यंत पोचतो का, एवढं ती सांगते. वांद्र्याला १९८३ पासून राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था आहे, महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांच्या नावाची. आणि तोवर त्या मुलाला खडखडणाऱ्या पंख्यापासून दूर, पहिल्या बाकावर बसवायला सांगा.