खाणीचा श्वास

इंग्लंडच्या ईशान्येस नॉर्थंबरलंड परगण्यात न्यू हार्टली येथे कोळशाची एक खाण होती. खाली उतरणारा उभा कूप एकच. त्याच्या मध्यभागी लाकडी फळ्यांची भिंत घालून दोन भाग केले होते. एका बाजूने ताजी हवा खाली जाई, दुसऱ्या बाजूने दूषित हवा वर येई. हवा हलती राहावी म्हणून आत एक भट्टी अखंड पेटती ठेवीत. तापलेली हवा हलकी होऊन वर चढे आणि तिच्या जागी बाहेरची हवा ओढली जाई. ज्वालाग्राही वायूच्या घरातच विस्तव पाळण्याची ही रीत आज चमत्कारिक वाटेल. त्या काळी मात्र इंग्लंडातील पुष्कळ खाणी तिच्यावरच श्वास घेत होत्या.

१६ जानेवारी १८६२ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास कामगारांची पाळी बदलत होती. त्याच वेळी कूपाच्या तोंडाशी असलेल्या, पाणी उपसणाऱ्या वाफेच्या एंजिनाची ओतीव लोखंडी तुळई मोडली आणि तिचा सुमारे वीस टनांचा तुकडा आत कोसळला. लाकडी भिंत फोडीत तो खाली गेला. फळ्या, दगड आणि लोखंड यांचा बुचा कूपात घट्ट बसला. वर येणाऱ्या पाळण्यातील आठांपैकी पाच दगावले. खाली १९९ माणसे व मुले अडकली. पाणी चढेल म्हणून ती वरच्या थरात येऊन बसली. वाट मोकळी करणारे सहा दिवसांनी तेथवर पोचले, तेव्हा एकही जिवंत नव्हता. बापाशेजारी मुलगा, भावाशेजारी भाऊ. त्यांच्यावर दरड कोसळली नव्हती. वाहणे थांबलेल्या हवेत साचलेल्या विषारी वायूने त्यांचा प्राण घेतला होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून खाणीस दोन वाटा सक्तीच्या केल्या. भारतातील कोळसा-खाणींच्या नियमांतही ही अट आहे.

कायद्याने दुसरी वाट दिली. भट्टीची जागा हळूहळू यांत्रिक पंख्याने घेतली. या कामी बेल्जियममधील मॉन्स येथील अभियंते थेओफिल गिबाल यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांच्या पंख्याचे चाक अवाढव्य, व्यास कधी तीस-चाळीस फुटांचा. परंतु खरी कल्पकता चाकात नव्हती, त्याच्या घरात होती. आधीचे पंखे हवा चोहीकडे उधळून देत आणि तिच्या वेगातील शक्ती वाया जाई. गिबाल यांनी चाकास विटांच्या बांधकामात बंदिस्त केले आणि हवेस वर रुंद होत जाणारे धुराडे दिले. रुंदीबरोबर वेग मंदावे, त्या शक्तीचा काही अंश दाबाच्या रूपाने परत मिळे आणि पंख्याची ओढ वाढे. बाहेर पडण्याचे तोंड लहानमोठे करण्यास सरकती झडपही होती. पुढे लहान, वेगवान पंखे आले आणि ही प्रचंड चाके भंगारात गेली.

यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर, सॉल्टबर्नजवळील हंटक्लिफ येथे, १८७२ साली बांधलेले गिबाल-पंख्याचे घर मात्र अजून उभे आहे. तेथील खाण लोहखनिजाची होती, पण पंखा त्याच जातीचा. चाक नाही, छप्पर नाही. भिंतींच्या आकारावरून मात्र हवा कोठून वळली असेल ते ओळखता येते. पाळणा ओढणाऱ्या उंच चाकांचे जतन लोक हौसेने करतात. पंख्याच्या घरांकडे तेवढे लक्ष जात नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

न्यू हार्टली येथे कूपाच्या तोंडाभोवती आता स्मृतिउद्यान आहे. जवळच अर्सडनच्या चर्चच्या आवारात मृतांचा स्तंभ आहे. त्यावरील नावांत बारा-तेरा वर्षांची मुलेही आहेत.