घरचा कॉम्प्युटर: स्वतः उघडायचा की दुकानात न्यायचा?



आपल्या बॅचच्या ग्रुपवर मला 'कॉम्प्युटरवाली' म्हणतात. मी सॉफ्टवेअर लिहिते, मशीन दुरुस्त करत नाही, हे सांगून सांगून थकले. तरी कुणाचा प्रिंटर अडकला की फोन मलाच. म्हणून आज बोलायला सांगितल्यावर हाच विषय घेतला.

कॉम्प्युटर बिघडला की आपण विचारतो, "खर्च किती येईल?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की आत जे आहे त्याची कॉपी दुसरीकडे कुठे आहे का? असेल, तर खुशाल स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या.

गेल्या वर्षी आपल्यातल्याच एकीचा फोन आला. डेस्कटॉप सुरू होत नव्हता, आतून टक्-टक् आवाज येत होता. आईचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो त्यात, आणि फक्त त्यातच. मुलगा व्हिडिओ बघून डिस्क उघडायच्या तयारीत, तर जवळचा दुकानदार म्हणत होता, "फॉरमॅट मारून देतो, पाचशे रुपये." मी म्हटलं, आधी प्लग काढ आणि पुन्हा चालू करून बघू नकोस. हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यावर केसापेक्षाही कमी अंतरावर तरंगतं. असा आवाज येत असताना परत परत चालू केलं, तर तबकडीवर ओरखडे पडू शकतात. ती डिस्क पुण्यात डेटा रिकव्हरीवाल्यांकडे दिली. बिल नव्या कॉम्प्युटरएवढं आलं. बरेच फोटो मिळाले, काही गेले. तिने एका शब्दाने घासाघीस केली नाही.

याउलट घरी करण्यासारखंही पुष्कळ असतं. डेस्कटॉप नुसताच बीप-बीप करतोय आणि स्क्रीन काळी? प्लग काढून रॅमची पट्टी बाहेर काढा, तिचे सोनेरी दात खोडरबरने हलके पुसा, परत नीट बसवा. निम्म्या वेळा एवढ्यावर भागतं. तारीख सारखी मागे जाते? मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल बदला. जुना लॅपटॉप रडत चालतो? हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली की बहुतेकदा तरतरी येते. दहावीतल्या मुलालाही जमेल.

पण डेस्कटॉपचा एसएमएसचा नव्हे, एसएमपीएसचा डबा, म्हणजे जिथे मेन वायर लागते तो, अजिबात उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

दुकानात देताना मात्र भिडस्तपणा नको. विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही आणि बदललेला जुना पार्ट परत द्यायचा, हे पावतीवर लिहून घ्या. विंडोजच्या लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधीच वहीत उतरवून ठेवा. बोर्ड बदलल्यावर मशीन ती मागतं, आणि ती नसेल तर दुकानदारही काही करू शकत नाही.

आणि सर, मघाशी तुम्ही म्हणालात की लॅपटॉपचा टचपॅड वर आलाय. ती बॅटरी फुगलेली असणार. आज घरी गेल्यावर चार्जिंगला लावू नका, दाबूनही बघू नका. उद्या सकाळी मी येते, दोघं मिळून सर्व्हिस सेंटरला जाऊ.