तार, बिनतारी आणि मधला पूल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी विदुषी येऊन आपल्याला चार बोधाच्या गोष्टी सांगतात. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले आणि विषयही घरगुती दिला : घरच्या संगणकावर तारेचे जाळे आणि बिनतारी जाळे कसे जोडावे. मी काही इंजिनियर नव्हे. गरज पडली, म्हणून शिकले.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली. आमचा वाडा सदाशिव पेठेतला, भिंती हातभर जाडीच्या. इंटरनेटची तार ओटीवर येते आणि राउटरही तिथेच. नात मागच्या खोलीत शाळेला बसे. बाई हजेरी घेत, आणि हिचे ‘हजर’ काही पलीकडे पोचत नसे. पोर रडकुंडीला येई. वाय-फाय म्हणजे रेडिओच्याच जातीच्या लहरी. जाड भिंतीत त्यांचा जोर जिरतो. त्यातही ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान खरी, पण भिंतीपुढे ती २.४ च्या आधी हात टेकते.

भिंत काही पाडता येत नव्हती. तेव्हा ओटीवरून माजघरातल्या जुन्या संगणकापर्यंत तार ओढली. त्या संगणकाला बिनतारी कार्ड होतेच. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘मोबाइल हॉटस्पॉट’ सुरू केला, आणि तारेने आलेले इंटरनेट मागच्या खोलीत बिनतारी पोचले. त्या दिवशी ‘हजर’ ऐकू गेले!

यात एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. हॉटस्पॉटमध्ये संगणक बाहेरची सारी पत्रे स्वतःच्या नावावर घेतो आणि मग आत वाटतो, एकत्र कुटुंबातल्या थोरल्या जाऊबाईंसारखा. काम भागते, पण ओटीवरचा प्रिंटर मागच्या खोलीला आपोआप सापडत नाही. खरा पूल, म्हणजे ‘ब्रिज’, निराळा. लकडी पुलावरून डेक्कनला जाताना आपण काही नाव बदलत नाही; तसे ब्रिजवरून प्रत्येक पत्र मूळ नावानिशीच जाते आणि दोन्ही काठांचे एकच गाव होते. विंडोजमध्ये दोन्ही जोडण्या एकदम निवडून ‘ब्रिज कनेक्शन्स’ म्हटले की तो बांधला जातो. पण इंटरनेट वाय-फायने घेऊन पुढे तारेने द्यायचे असेल, तर हा पूल पुष्कळदा चालत नाही. कारण राउटर आपल्याकडे नोंद असलेल्याच यंत्राचे ऐकतो, त्याच्या आडून बोलणाऱ्याचे नाही. तेव्हा थोरल्या जाऊबाईच बऱ्या!

आता माझी फजिती सांगते. माजघरात तारा वाटून देणारी एक स्विचची डबी बसवली होती. केर काढताना मला एका तारेचे टोक लोंबताना दिसले. नीटनेटकेपणाच्या सवयीने ते मी डबीच्या रिकाम्या सॉकेटात खोचले. दुसरे टोक त्याच डबीत होते! क्षणात साऱ्या घराचे इंटरनेट बंद पडले, आणि नातीची तोंडी परीक्षा अर्ध्यावर राहिली. झाले असे, की सर्वांना उद्देशून निघालेला निरोप त्या वेढ्यात फिरत राहिला. हळदीकुंकवाचे बोलावणे वाड्यात फिरून पुन्हा आपल्याच दारी यावे, आणि आपण ते पुन्हा पुढे धाडावे, तसे. अशा निरोपांच्या गर्दीत कामाचे पत्र जाणार कोठून?

या दुखण्यावरचा उपाय एका बाईनेच काढला आहे, हे सांगताना मला अभिमान वाटतो. अमेरिकेतल्या रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली अशी युक्ती बसवली, की सारे पूल आपसांत बोलून कोठूनही कोठे जायला एकच वाट उघडी ठेवतात. बाकीच्या वाटा मिटून राहतात, आणि उघडी वाट तुटली तरच जाग्या होतात. मोठ्या कचेऱ्यांतली जाळी या युक्तीवर निर्धास्त चालतात. घरगुती स्वस्त डब्यांत मात्र ती बहुधा नसते, म्हणून तिथे आपणच डोळे उघडे ठेवायचे.

भगिनींनो, तीनच गोष्टी गाठीला बांधा. मधल्या संगणकाला झोपू देऊ नका. तो झोपला की पूल पडला. हॉटस्पॉटला पक्का पासवर्ड ठेवा. आणि लोंबणारे टोक दिसले, तर खोचण्याआधी दुसरे टोक कोठे आहे ते पाहा.

नातीची परीक्षा बाईंनी दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली. तेवढा वेळ मी माजघरात केरसुणीला हात लावला नाही.