मोगली, नोबिता आणि मुरगूडची मुलं



मनीला आणि मुरगूड यांचा एकमेकांशी काय संबंध, असं कुणीही विचारील. मनीला फिलिपिन्सची राजधानी, समुद्रकाठी वसलेली. मुरगूड आपल्या कोल्हापूरच्या कागल तालुक्यातलं, वेदगंगेच्या खोऱ्यातलं, सर पिराजीराव तलावाचं, ऊस आणि कुस्ती यांत रमलेलं गाव. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या दोन्ही ठिकाणी जी मुलं लहानाची मोठी झाली, त्यांच्या बालपणातला एक धागा सारखा आहे. दोघांचेही लाडके सवंगडी जपानमध्ये कागदावर जन्मले आणि टीव्हीच्या पडद्यावरून थेट घरात आले.

टोकियोत निप्पॉन अ‍ॅनिमेशन नावाची चित्रसंस्था आहे. तिने १९८५ मध्ये 'सारा' या मुलीवर एक मालिका काढली. मूळ कादंबरी फ्रान्सिस हॉजसन बर्नेट या लेखिकेची. वडील भारतात, मुलगी लंडनच्या निवासी शाळेत. वडील वारल्याची बातमी येते आणि कालची लाडकी श्रीमंत मुलगी त्याच शाळेत मोलकरीण होऊन राबू लागते. नव्वदीच्या दशकात ही मालिका फिलिपिन्समध्ये टागालोग भाषेत आली आणि घराघरात लोक तिच्यासाठी डोळे पुसू लागले. १९९५ मध्ये तिथल्याच कलाकारांना घेऊन या कथेवर चित्रपटही निघाला.

याच निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ मध्ये बावन्न भागांची आणखी एक मालिका केली. तिचा नायक मोगली. ही मालिका १९९३ मध्ये दूरदर्शनवर आली आणि रविवारची सकाळ तिच्या नावावर झाली. ज्या घरात टीव्ही, त्या घरात गल्लीतली सगळी पोरं. अँटेना फिरवायला एक जण कौलांवर, आणि 'आलं का?', 'आलं, आलं, हलवू नको' असा पुकारा.

या मोगलीचा प्रवास मोठा लांबचा. त्याचा लेखक रडयार्ड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत जन्मला. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. त्याने लिहिलेलं जंगल आपल्या नागपूरच्या पलीकडचं, सिवनीचं. ती गोष्ट इंग्रजीतून जपानला गेली, तिथे तिची चित्रं झाली आणि ती हिंदी बोलत परत आली. शीर्षकगीत गुलजार यांचं, चाल विशाल भारद्वाज यांची, आणि शेरखानचा आवाज मुरूड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा. शेरखान बोलू लागला की लहान मुलं आईला बिलगत. ही मालिका जपानी आहे, हे त्या वेळी कुणाच्या गावीही नव्हतं. मोगली आपलाच होता.

फिलिपिन्समध्ये मात्र हे प्रेम सोपं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, तो देश जपानी सैन्याच्या ताब्यात होता. १९४५ च्या मनीलाच्या लढाईत सुमारे एक लाख नागरिक मारले गेले. ज्या घरांत त्या दिवसांच्या आठवणी आजी-आजोबांच्या तोंडून येत, त्याच घरांतली नातवंडं १९७८ मध्ये 'व्होल्टेस फाइव्ह' ही जपानी मालिका बघायला धावत सुटली. पाच जण, पाच यानं; संकट आलं की पाचही जोडली जाऊन एक प्रचंड यंत्रमानव उभा राहतो आणि जुलमी परग्रही साम्राज्याशी लढतो. १९७९ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी ही मालिका बंद करायला लावली. कारण सांगितलं हिंसाचाराचं. शेवटचे चार भाग उरले होते. मुलं वाट बघत मोठी झाली. १९८६ मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून मार्कोस यांना सत्तेवरून घालवलं, त्यानंतर ते भाग दिसले. जुलमी सत्तेविरुद्धची ती गोष्ट आणि देशात घडलेली गोष्ट त्या पिढीच्या मनात एकमेकींत मिसळून गेली. २०२३ मध्ये तिथल्या जीएमए या वाहिनीने आपले कलाकार घेऊन, आपल्या भाषेत, हीच कथा नव्याने उभी केली.

इकडे केबल गावोगाव पोहोचली आणि चित्र पालटलं. कार्टून नेटवर्कवर ड्रॅगन बॉल झी आणि पोकेमॉन आले. चिप्सच्या पुड्यात पोकेमॉनचे टॅझो, म्हणजे चित्रांच्या चकत्या, निघत. ते खिशात खुळखुळवत मुलं शाळेत जात आणि मधल्या सुट्टीत त्यांची देवघेव रंगे. २००५ मध्ये हंगामा वाहिनीवर डोरेमॉन आला, पुढच्या वर्षी शिनचॅन. ग्रामीण महाराष्ट्रात तो भारनियमनाचा काळ. ऐन गोष्टीत वीज जायची आणि पुढे काय झालं ते दुसऱ्या दिवशी वीज न गेलेल्या गावच्या मावसभावाकडून कळायचं.

डोरेमॉनमध्ये एवढं काय आहे, ते जरा जवळून बघू. यंत्रमांजर डोरेमॉन ज्याच्या घरी राहतो तो नोबिता पाचवीतला, अभ्यासात कच्चा मुलगा. परीक्षेत शून्य मिळालं की पेपर कुठे लपवायचा, ही त्याची रोजची चिंता. गृहपाठ केला नाही की मास्तर वर्गाबाहेर उभं करतात. घरात शिरताना दारातच बूट काढायचे. आई स्वयंपाकघरातून हाक मारते, आणि ती हाक कोणत्या सुरातली आहे यावरून पोराला पुढचं भवितव्य कळतं. गल्लीच्या टोकाला मोकळी जागा, तिथे रचून ठेवलेले सिमेंटचे तीन मोठे पाइप, आणि त्यावर बसून दादागिरी करणारा जियान. डोरेमॉनचा आवडता दोरायाकी म्हणजे दोन गोड पोळ्यांमध्ये अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं पुरण. मुरगूडच्या मुलाला यातलं परकं असं काय वाटावं? अमेरिकी कार्टूनमधली उंदीर-मांजराची पळापळ त्याला हसवत होती. नोबिताच्या घरात मात्र तो राहायला गेला.

शिनचॅनवर पालकांचा राग होता. मोठ्यांना उलट बोलणारा हा पाच वर्षांचा पोरगा घराघरात नक्कल होऊन बोलू लागला. २००८ मध्ये केंद्र सरकारने ती मालिका बंद केली आणि २००९ मध्ये काटछाट होऊन ती परत आली. पालकांची काळजी खोटी नव्हती. पण ज्या मुलांनी तो बघितला, ती आज कामाधंद्याला लागलेली, जबाबदार माणसं आहेत, आणि शिनचॅनचे आईबाप महिनाअखेरीला पैशांचा मेळ कसा घालतात, हे त्यांना आता जास्त कळतं.

मोठ्या मुलांचा जीव मात्र 'नारुतो' या जपानी मालिकेवर जडला, आणि याचं कारण मुरगूडच्या मातीतच शोधायला हवं. या गावात सदाशिवराव मंडलिक यांच्या नावाचं कुस्ती संकुल आहे. स्वाती शिंदे, नंदिनी साळोखे यांच्यासारख्या मुली इथे घाम गाळून राष्ट्रीय पातळीवर पोहोचल्या. मासाशी किशिमोतो यांच्या नारुतोमध्ये रॉक ली नावाचा मुलगा आहे. इतरांना जमणारी जादूची विद्या त्याला येत नाही. त्याच्याजवळ आहे फक्त मेहनत. त्याचे गुरू गाय-सेन्सेई त्याच्याकडून रोज अंग मोडेपर्यंत कसरत करून घेतात. एका लढतीत प्रतिस्पर्धी भारी पडतोय असं दिसताच गुरू वरून परवानगी देतात, आणि रॉक ली पायांना बांधलेली वजनं सोडून खाली टाकतो. वजनं पडतात तिथली जमीन फुटते. इतके दिवस हा पोरगा एवढं ओझं पायात बांधून पळत होता, हे त्या क्षणी सगळ्यांना कळतं. पहाटे उठून जोर-बैठका मारणाऱ्या, वस्तादाचा शब्द खाली पडू न देणाऱ्या मुलामुलींना हा प्रसंग कुणी समजावून सांगावा लागत नाही.

आणि कोल्हापूरच्या कुस्तीची जपानशी गाठ तर फार जुनी. राजाराम महाविद्यालयात शिकलेले खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला ऑलिम्पिकचं कांस्यपदक जिंकले, तेव्हा त्यांच्या गटाचं सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशिई यांनी नेलं. युद्धात होरपळलेल्या जपानचं ते युद्धानंतरचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. पुढे महिलांच्या कुस्तीत जपानच्या काओरी इचो यांनी २००४ ते २०१६ अशी सलग चार ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकली. आपल्या मुली ज्या आखाड्यात उतरतात, तिथे जपान हा दरारा असलेला प्रतिस्पर्धी आहे.

आता मुद्द्याचं बोलायला हवं, आणि ते मनापासून बोलायचं आहे. मनीलाच्या मुलीला सारा टागालोगमध्ये भेटली. मुरगूडच्या मुलाला मोगली, नोबिता, शिनचॅन सगळे हिंदीत भेटले. घरात कोल्हापुरी, शाळेत पुस्तकी मराठी आणि स्वप्नातल्या सवंगड्यांची भाषा हिंदी, अशी या पिढीची वाटणी झाली. त्या हिंदीने मुलांचं काही बिघडलं नाही. उलट एक भाषा फुकट पदरात पडली. पण मराठी त्या खेळात नव्हती, याची खंत वाटते.

बांगलादेशाने हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. मुलं डोरेमॉन बघून हिंदी बोलू लागली म्हणून तिथे २०१३ मध्ये हिंदी डोरेमॉनवर बंदी आली आणि पुढच्या वर्षी तो बंगालीत सुरू झाला. बंदीचा मार्ग पटो न पटो, मुलांना त्यांची आवडती गोष्ट मायबोलीत मिळाली. आपल्याकडे डोरेमॉन तमिळ आणि तेलुगूत बोलतो. १२ सप्टेंबर २०२५ रोजी 'डेमन स्लेयर'चा 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट भारतात लागला तो जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू भाषांत. युगो साको आणि राम मोहन यांनी जपानी आणि भारतीय कलावंतांना एकत्र आणून केलेला रामायणावरचा जपानी शैलीतला चित्रपट, म्हणजेच अ‍ॅनिमे २०२५ च्या जानेवारीत पुन्हा चित्रपटगृहांत आला, तोही हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजीत. जपानच्या गाजलेल्या बेसबॉलच्या कथेवरून २०१२ मध्ये 'सूरज: द रायझिंग स्टार' ही मालिका निघाली. तिचा नायक मुंबईतल्या झोपडपट्टीतला क्रिकेटवेडा मुलगा. मुंबईचा पोरगा, क्रिकेटचं मैदान, आणि मालिका हिंदीत.

मराठीला हे जमत नाही, असं नाही. तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान' चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणलं, नॅशनल बुक ट्रस्टने ते छापलं, आणि रेल्वेच्या डब्यांत भरणारी ती तोमोए शाळा, ते मुख्याध्यापक कोबायाशी महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या बोलण्यात कायमचे येऊन बसले. याच पुस्तकावर २०२३ मध्ये जपानमध्ये अ‍ॅनिमे चित्रपट झाला, आणि तो काढला शिन-एई या संस्थेने, जिने डोरेमॉन आणि शिनचॅन घडवले. म्हणजे नोबिताचं घर आणि तोत्तोचानची शाळा एकाच चित्रशाळेतून आली. त्यातलं पुस्तक आपण मायेने मराठी केलं. पडद्यावरच्या गोष्टींकडे मात्र 'पोरांचं खूळ' म्हणून बघितलं.

चित्रांना चालवण्याची कलाही आपल्याला नवी नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्येच 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्यापेटीतल्या काड्यांना पडद्यावर नाचवलं. कोल्हापुरात १९२९ मध्ये उभ्या राहिलेल्या प्रभातने पुण्याला गेल्यावर, १९३४ मध्ये, 'जंबू काका' हा व्यंगचित्रपट केला. आजही कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट यांसारख्या संस्थांतून चित्रकार घडतात. हिंदी डबिंगचं बरंचसं काम मुंबईत चालतं आणि तिथे मराठी आवाजांची वाण नाही. हात आहेत, गळे आहेत. या मुलांना हे हवं आहे, हे ओळखणारी माणसं हवीत.

आणि अशी चित्रं बघून मुलांनी आपल्या चित्रांत उचललेलं वळण म्हणजे नुसती नक्कल, असंही कुणी समजू नये. अ‍ॅनिमेतल्या माणसांचे डोळे एवढे मोठे, ते ओसामू तेझुका यांनी डिस्नेची चित्रं बघून बघून आत्मसात केले. १९६३ मध्ये त्यांचा 'अ‍ॅस्ट्रो बॉय' जपानी टीव्हीवर आला, आणि दुसरीकडून घेतलेलं ते वळण जपानचं स्वतःचं झालं.

म्हणून मुरगूडच्या शाळांतल्या, आणि तशाच गावोगावच्या, चित्रकलेच्या शिक्षकांना एक विनंती आहे. गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर कुणी नारुतो किंवा रॉक ली काढलेला सापडला, तर ते पान फाडू नये. धावणाऱ्या माणसामागच्या रेषा कशा ओढल्यात, राग दाखवताना भुवया कुठे नेल्यात, हे त्या मुलाकडून समजून घ्यावं. मग त्याच रेषांत त्याला मुरगूडच्या मैदानातली कुस्ती काढायला सांगावी, लाल मातीसकट, आणि मल्लांच्या तोंडचे शब्द त्याच्या स्वतःच्या बोलीत लिहायला सांगावेत. शाळेच्या हस्तलिखिताची चार पानं त्यासाठी राखून ठेवली, तर ही सुरुवात याच वर्षी करता येईल.