शाळा सुटल्यावरची सांगली
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला दहा मिनिटं आणि ‘शाळेतल्या आठवणी’ हा विषय दिला आहे. बाक, छडी, गॅदरिंग, प्रयोगशाळेतला तो सांगाडा, यावर सकाळपासून भरपूर बोलून झालंय. म्हणून मी शाळा वगळून शाळा सुटल्यानंतरचं बोलते.

पाहुणे आले की आपण त्यांना गणपती मंदिर दाखवायचो आणि आयर्विन पुलावर न्यायचो. आपल्या स्वतःच्या जागा वेगळ्या होत्या. रोजच्यासाठी हरिपूर, सुट्टीत दंडोबा, आणि वर्षातून एकदा सहलीला लाल डब्यातून सागरेश्वर. गेल्या मे महिन्यात आईकडे आठ दिवस होते, लॅपटॉप पुण्यातच ठेवून. (टीम अजून सावरलेली नाही.) तेव्हा या तिन्ही ठिकाणी जाऊन आले.

सागरेश्वरचं आधी सांगते, कारण तिथे मला फक्त आनंद झाला. आपण गेलो तेव्हा सावली शोधत डबे खाल्ले होते, आठवतंय? हे अभयारण्य 1985 साली जाहीर झालं. उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते आणि आसपासच्या गावकऱ्यांनी मेहनतीने उभं केलेलं ते जंगल. आपण पाहिली ती त्याची पोरवयातली झाडं होती. आता ती वयात आली आहेत. चितळांचा कळप दिसला. आपल्याबरोबर वाढलेलं काहीतरी आपल्यापेक्षा चांगलं दिसतंय याचा थोडा हेवाही वाटला.

दंडोबाच्या डोंगरात कोरलेल्या देवळातला तो अंधारा प्रदक्षिणामार्ग तसाच आहे. एकमेकींचे फ्रॉक धरून ओरडत जायचो. मी या वेळी मोबाइलचा टॉर्च न लावता गेले, आणि सांगायला हरकत नाही, अजूनही भीती वाटते. बदललंय ते वरून दिसणारं दृश्य. उन्हाळ्यात पूर्वेला पाहिलं की तो भाग तपकिरी दिसायचा आणि त्यात तुरळक हिरवे ठिपके. म्हैसाळ योजनेने कृष्णेचं पाणी उचलून तिकडे नेलं. आता द्राक्षबागांचे चौकोन दिसतात, मध्ये शेततळी आरशासारखी चमकतात. जुनं ते सुंदर होतं असं मी म्हणणार नाही. ते तपकिरी सौंदर्य आपल्याला बघायला होतं, तिथल्या लोकांना त्यात राहायचं होतं.

आता हरिपूर. चिंचांच्या रस्त्याने सायकली हाणत जायचं, संगमेश्वराला नमस्कार करायचा, कृष्णा-वारणेच्या संगमावर पाय सोडून बसायचं आणि भडंग संपवायचं. पलीकडे कोथळीला होडी जायची. आता पूल झालाय. गोविंद बल्लाळ देवल याच गावचे, हे आपल्याला मराठीच्या बाईंनी सांगितलं होतं. पण या गावाची जमीन आतून पोकळ आहे, हे मात्र धड्यात नव्हतं.

मी पेवांबद्दल बोलते आहे. ‘क्लासेसचं पेव फुटलंय’ असं आपण सहज म्हणतो, ते पेव. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डा, तोंड अरुंद, आत रांजणासारखा फुगत गेलेला. आत पाला आणि चटया लावून हळद भरायची, तोंड दगड-मातीने बंद करायचं. इथल्या मातीत ती हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. वीज नाही, यंत्र नाही. माझ्या धंद्यात साठवणुकीवर किती खर्च होतो ते मला माहीत आहे, म्हणून या बिनखर्ची व्यवस्थेपुढे मी हात जोडते. वरून मात्र काहीच दिसायचं नाही. नुसतं सपाट रान. आपण तिथेच सायकली आडव्या टाकून बसायचो.

आपल्या वर्गातला एक जण या वेळी माझ्याबरोबर हरिपूरला आला होता. तो इथेच तिसऱ्या रांगेत बसलाय, ‘नाव घेऊ नकोस’ म्हणालाय. शाळेत असताना तो आपल्याबरोबर तिकडे कधीच आला नव्हता. मी कारण विचारलं. म्हणाला, “तुम्ही सगळी जिथं डबा खायला बसायचा ना, तिथं माझे वडील खाली असायचे.”

त्याचे वडील पेवात उतरणारे हमाल. पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं. आतली हवा कोंडलेली असते. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही. जळत राहिला तर उतरवायचा. “आई त्या दिवशी वडील घरी येईपर्यंत जेवायची नाही,” तो म्हणाला. हे सगळं त्याने अगदी साध्या आवाजात सांगितलं. आम्ही ज्या रानात उभे होतो तिथे आता पेव नाही.

2005 च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरलं. हळद गेली आणि मातीचा तो जुना गुणही गेला. व्यापारी गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तिला सांभाळणारी बहुतेक पेवं बुजलेली होती. त्याचे वडील त्याआधीच मार्केट यार्डात पोती उचलायला लागले होते. “जिवाला धोका कमी झाला,” तो म्हणतो, “पण वडील म्हणायचे, यार्डात कोण बी पोती उचलतंय. पेवात उतरायला माणूस लागतो.”

2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. आपल्यापैकी अनेकांच्या घरात ते शिरलं, त्याबद्दल मी वेगळं सांगायला नको. ‘पाणी बघायला’ पुलावर धावणारे आपण, त्या वेळी पुण्याहून फोन लावत बसलो होतो.

त्याचे वडील आता ऐंशीच्या पुढे आहेत. ऐकू कमी येतं, पण कुठलं पेव कुठे होतं, कुणाचं किती पोत्यांचं होतं, हे त्यांना पाठ आहे. हे कुठेही लिहिलेलं नाही. मी त्याला म्हटलं, आपण त्यांना रानात घेऊन जाऊ, ते बोट दाखवतील तिथे मी मोबाइलवर खूण करत जाईन आणि तू लिहून घे. तो आधी हसला. “त्यांना वाटेल ही पोरगी वेडी आहे.” मग घरी जाऊन त्याने विचारलं. ते तयार आहेत. अट एकच: ऊन चढायच्या आत.

तर उद्या सकाळी साडेसहाला संगमेश्वराच्या देवळापाशी जमायचं आहे. सायकल मिळाली तर उत्तम, नाहीतर रिक्षा. जास्त माणसं लागतील, कारण मोजायला टेप धरायचा आहे आणि त्यांच्याशी मोठ्याने बोलायचं आहे. भडंग मी आणते.