भंगार वेचणारे यंत्रमानव : मुलांनी रचावयाचा एक खेळ



खेळ म्हटला की शिक्षकाचे लक्ष खेळणाऱ्यांकडे जाते. तो कोणी व कसा रचला, इकडे सहसा जात नाही. वास्तविक खेळाचे नियम रचणे हा चौथी-पाचवीच्या मुलांस देण्याजोगा उत्तम पाठ होय. हिशेब, भाषा आणि न्यायबुद्धी ही तिन्ही त्यात एकदम कामास येतात.

त्यासाठी विषय असा घ्यावा : एका पडक्या कारखान्याच्या आवारात चार यंत्रमानव भंगार वेचीत हिंडत आहेत. जो सर्वांत मोलाचे भंगार आपल्या कोठारात आणील, तो जिंकला. फरशीवर खडूने आखलेली घरे, चिंचोके, बाटल्यांची बुचे आणि जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांचे पत्ते एवढ्यावर काम भागते.

यंत्रमानवांच्या शर्यतीचा 'रोबो रॅली' नावाचा खेळ अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झाला. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने तो रचला. त्यात प्रत्येकास नऊ पत्ते मिळत. 'दोन घरे पुढे', 'डावीकडे वळ' अशा आज्ञा त्यांवर असत. त्यांतील पाच क्रमाने पालथे मांडावयाचे व सर्वांनी एकेक एकदम उघडावयाचे. मांडलेली आज्ञा मागे घेता येत नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या धक्क्याने यंत्र एक घर सरकले, की पुढच्या साऱ्या आज्ञा भलत्याच जागेवरून पाळल्या जातात! 'मी आधी, मी आधी' या तंट्यावरही तोड होती. चौऱ्याऐंशी पत्त्यांपैकी प्रत्येकावर निराळा अंक होता. मोठ्या अंकाचे यंत्र आधी हलत असे. तंटा उद्भवण्यापूर्वीच निकाल ठरलेला. मुलांनी हे मर्म जरूर उचलावे.

परंतु त्यातील एक नियम बारकाईने पाहण्याजोगा आहे. यंत्राला जितकी इजा, तितके पत्ते पुढील फेरीत कमी. इजा पाचावर गेली की मांडलेल्या आज्ञाही एकेक करून जागीच अडकत. म्हणजे मागे पडलेला अधिकच मागे पडावयाचा. २०१६ च्या आवृत्तीत हा नियम पालटला. पत्ते सर्वांस नऊच मिळू लागले. इजेबद्दल निरुपयोगी पत्ते खेळणाऱ्याच्या गड्डीत मिसळू लागले. इजेचा त्रास राहिला, पण हातातले पत्ते कमी होईनात.

शाळेच्या अंगणात हाच प्रश्न रोज उभा असतो. लंगडीत बाद झालेले मूल झाडाखाली जाऊन बसते, आणि बहुधा तेच मूल रोज बसते. कबड्डीत मात्र आपल्या संघाने गडी बाद केला की बसलेला पुन्हा उठतो. लहानग्यांसाठी मुलांनी 'लिंबूटिंबू'ची सोय केलेली आहेच. त्यात दया आहे. पण आपला डाव मोजला जात नाही, हे त्या लिंबूटिंबूलाही कळत असते.

म्हणून प्रथम कडक नियमाने दोनतीन डाव होऊ द्यावेत. ज्याचे यंत्र लवकर मोडले, त्यालाच मग विचारावे, "कोणता नियम बदलावा?" कोणी म्हणेल, मोडक्या यंत्राला एक फेरी थांबून दुरुस्त होता यावे, कोणी म्हणेल, मोडके यंत्र हेही भंगारच, ते दुसऱ्याने उचलावे. दोन्ही सूचना खेळून पाहाव्यात, पण एका वेळी एकच. एकदम दोन नियम पालटले, तर खेळ कशाने सुधारला वा बिघडला हे समजत नाही.

भंगाराचे मोल ठरवितानाही घाई करू नये. लोखंडाहून अॅल्युमिनियम महाग, त्याहून तांबे महाग, ही माहिती वर्गातील एखाद्या मुलास पुस्तकाविना असते, कारण त्याच्या घरी तोच धंदा चालतो. त्याने आपण होऊन सांगितले, तर गुणांचा तक्ता त्याच्या सांगण्यावरून फळ्यावर लिहावा. सांगितले नाही, तर त्याच्याकडे बोट दाखवू नये. 'भंगारवाला' ही हाक वर्गात उठली, तर तो तास वाया गेला असे समजावे.

शेवटी मुलांनी नियम आपल्या शब्दांत वहीत उतरावेत. ती वही दुसऱ्या इयत्तेतील मुलांच्या हाती द्यावी, आणि रचणाऱ्यांनी तोंडातून शब्द न काढता बाजूस उभे राहावे. खेळणारी मुले जेथे अडतील, तेथे वहीत खूण करावी व तेवढे वाक्य पुन्हा लिहावयास सांगावे.